नडियादची भेट : लाट पादरी हेबर यांची चरित्रकथा

आज चैत्र शुद्ध नवमी. माध्यान्ही रामजन्माचा सोहळा होईल, पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. अशा दिवशी नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्या आमच्यासारख्याने रघुकुळाचे आख्यान सोडून दुसरे काही सांगावे, हे कित्येकांना रुचणार नाही. त्यातून आमच्या आजच्या कथेचा नायक कोण, तर इंग्रजांचा एक ख्रिस्ती बिशप! देव्हाऱ्यापुढे बसून हे पान वाचणाऱ्या वाचकांच्या भिवया उंचावल्या तर त्यात नवल नाही. परंतु याच तिथीस, शके १७०३ मध्ये, अयोध्येजवळच्या छपैया गावी जन्मलेल्या एका सत्पुरुषाची आणि या बिशपाची एकदा भेट झाली होती. आणि तीही चैत्राच्या शुद्ध पक्षात, नवमी तोंडावर आलेली असताना. ती भेट सांगावयाची तर भेटीस आलेल्या पाहुण्याचे चरित्र सांगणे प्राप्त आहे. पूर्वरंग थोडा लांबला तरी श्रोते क्षमा करतात. वाचकही करतील, या भरवशावर आरंभ करतो.

रेजिनाल्ड हेबर यांचा जन्म इंग्लंडातील चेशर परगण्यात माल्पस या गावी २१ एप्रिल १७८३ रोजी झाला. पुण्यात त्या वेळी सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती आणि सालबाईच्या तहाला वर्ष होत आले होते. वडील गावच्या चर्चचे धर्मोपदेशक. शिवाय हॉड्नेट येथे वडिलोपार्जित जमीनजुमला. त्यामुळे घरी कशाची ददात नव्हती. विद्येची आवड घरातच होती. थोरले सावत्र बंधू रिचर्ड हे पुढे ग्रंथसंग्राहक म्हणून एवढे गाजले की घरेच्या घरे त्यांनी पुस्तकांनी भरून टाकली. धाकट्या रेजिनाल्डने सातव्या वर्षीच फीड्रस या लॅटिन कवीच्या प्राणिकथा इंग्रजी पद्यात उतरविल्या. आपल्याकडे मुंजीच्या वयाच्या बटूने हितोपदेशातील गोष्टी ओवीबद्ध कराव्यात, तसाच हा प्रकार.

सन १८०० मध्ये ते ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात दाखल झाले. तेथे तीन वर्षांनी पॅलेस्टाईन या विषयावरील त्यांच्या दीर्घकाव्यास विद्यापीठाचे पारितोषिक मिळाले. या काव्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. पुढे कादंबरीकार म्हणून जगद्विख्यात झालेले वॉल्टर स्कॉट एके सकाळी फराळाच्या वेळी त्यांच्याकडे आले होते. काव्य वाचून दाखविण्यात आले. स्कॉट यांनी ते वाखाणले, परंतु एक न्यून दाखविले. शलमोन राजाने मंदिर उभारले तेव्हा हातोड्याचा वा कुठल्याही लोखंडी हत्याराचा आवाज तेथे उठला नव्हता, असे बायबलात आहे. तेवढी सुंदर गोष्ट मात्र काव्यात आलेली नाही. हेबर उठून खोलीच्या एका कोपऱ्यात गेले आणि मंडळी पांगण्यापूर्वीच त्या प्रसंगाच्या ओळी रचून परत आले. रसिकांनी पुढे त्याच ओळींना सर्वाधिक मान दिला. शीघ्रकवित्व ही देवीची देणगी खरी. परंतु ती दुधारी असते. हेबर यांच्याच आयुष्यात तिची दुसरी धार कोठे लागली, ते पुढे येईल.

शिक्षण आटोपल्यावर त्यांनी मित्रासमवेत नॉर्वे, स्वीडन, रशिया असा दीर्घ प्रवास केला. १८०७ साली दीक्षा घेऊन ते हॉड्नेटच्या चर्चचे उपदेशक झाले आणि १८०९ मध्ये अमेलिया शिपले या धर्माधिकाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. पुढली पंधरासोळा वर्षे त्यांनी गावातच काढली. आजाऱ्यांच्या खाटेशी बसावे, गरिबांची विचारपूस करावी, रविवारी प्रवचन करावे आणि रात्री स्तोत्रे रचावीत. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना कन्या झाली आणि वर्ष पुरे होण्याआधीच देवाघरी गेली. या दुःखाने ते खचले, पण कडवट झाले नाहीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्यानंतर काही महिन्यांनीच ते गीत जन्मास आले. १८१९ चा उन्हाळा. हेबर रेक्सॅम येथे सासऱ्यांकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये परदेशांतील धर्मप्रसारासाठी वर्गणी गोळा व्हावयाची होती. सासऱ्यांनी सहज सुचविले की या प्रसंगाला साजेसे एखादे गीत करून द्या. हेबर बाजूला जाऊन बसले आणि वीसएक मिनिटांत गीत घेऊन आले. ग्रीनलंडच्या बर्फापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत साऱ्या भूमी आपणास सोडविण्याकरिता हाका मारीत आहेत, असा त्याचा भाव. त्यात मूर्तिपूजकांना आंधळे ठरविले आहे. आणि सिंहलद्वीपाचा उल्लेख करताना, तेथील सारी सृष्टी मनोहर आहे, हीन आहे तो केवळ माणूस, असा निकाल देऊन टाकला आहे. निकाल देणाऱ्याने तोवर सिंहलद्वीप पाहिले नव्हते आणि हिंदुस्थानही पाहिले नव्हते. गीत चालीवर बसले आणि इंग्लंड-अमेरिकेतील चर्चांतून शंभरावर वर्षे गाइले गेले. महात्मा गांधींनी १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे भाषण करताना याच गीताचा उल्लेख करून, ते वचन आपल्या मनाला कायम डाचत आले आहे, असे स्पष्टपणे सांगितले होते.

येथे आम्हालाही एक कबुली देणे भाग आहे. उमेदीच्या काळात आम्ही मिशनऱ्यांची टर उडवून कीर्तनात हशा पिकवीत असू. पाद्र्याची बोबडी मराठी, त्याची टोपी, त्याचे हातवारे, सारे काही साभिनय. श्रोते खूश होत, आरतीत चार नाणी अधिक पडत. ज्यांची नक्कल करीत होतो त्यांच्या हातचे एक पानही आम्ही वाचले नव्हते. पुढे एका सद्गृहस्थांनी हेबर यांच्या प्रवासवृत्ताचे जीर्ण खंड आमच्या हाती ठेवले आणि ती नक्कल बंद झाली. वीस मिनिटांत गीत रचणाऱ्या हेबर यांच्यावर रागवावयाचे, तर तो राग प्रथम आमच्यावरच येऊन पडत होता.

असो. पुन्हा कथेकडे वळू.

इंग्लंडच्या राजाला आपल्या चर्चचा प्रमुख मानणारा जो ख्रिस्ती पंथ, त्याला अँग्लिकन म्हणतात. या पंथात बिशप म्हणजे एखाद्या मुलखाचा धर्माधिपती, आपल्याकडील पीठाधीशासारखा. कंपनी सरकारने आरंभी मिशनऱ्यांना हिंदुस्थानात पाऊल ठेवू देण्यास पुष्कळ खळखळ केली. धर्माच्या प्रश्नावरून लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही धास्ती. १८१३ च्या सनदेने ते दार उघडले आणि पुढल्याच वर्षी कलकत्त्यास बिशपाचे पीठ स्थापन झाले. पहिले बिशप मिडल्टन हे १८२२ मध्ये कलकत्त्यातच वारले. त्यांच्या जागी कोणास पाठवावे, याचा विचार करताना हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष विन यांना आपला जुना स्नेही हेबर आठवला. हेबर यांनी दोनदा नकार दिला. पत्नी होती, आता दुसरी तान्ही मुलगी होती, आणि हिंदुस्थानची हवा गोऱ्या माणसास मानवत नाही हे सर्वश्रुत होते. परंतु नकार दिल्यावर झोप लागेना. ज्या भूमीच्या हाका आपण गीतात ऐकविल्या त्या भूमीकडे पाठ फिरविली, हा सल मनात राहिला. अखेर १८२३ च्या जानेवारीत त्यांनी होकार कळविला, जूनमध्ये गलबतावर चढले आणि वाटेत हिंदुस्थानी व फारसी यांचा अभ्यास करीत ऑक्टोबरात कलकत्त्यास उतरले. अवघा हिंदुस्थान आणि सिंहलद्वीप त्यांच्या अधिकारात होतेच. शिवाय दूरचा ऑस्ट्रेलियाही त्याच पीठास जोडलेला होता! मुंबईस स्वतंत्र बिशप आला तो १८३७ साली. त्यामुळे त्या काळापुरते आपल्या महाराष्ट्राचे बिशपही हेबरच होत. लोक त्यांना लाट पादरी म्हणू लागले.

कलकत्त्यात त्यांनी चरकपूजा पाहिली, सतीच्या हकीकती ऐकल्या. आपल्या धर्माविषयी त्यांनी तेथून जे लिहिले ते कठोर आहे. त्यातले काही अज्ञानाचे आणि काही खरे. सतीची चाल आपल्यात होती आणि ती बंद करण्याकरिता राममोहन रायांसारख्या आपल्याच माणसाला झटावे लागले, हे आम्ही कशाला झाकावे? परंतु त्याच पत्रांतून दुसरा सूरही उमटू लागला. येथील लोक सौम्य आहेत, कष्टाळू आहेत, मातापित्यांची सेवा करणारे आणि मुलांवर जीव टाकणारे आहेत, ममतेने वागविले तर चटकन विरघळतात, असे ते घरी कळवू लागले. आणि आपले देशबांधव या लोकांना घरात घेत नाहीत, त्यांच्याशी उद्दामपणे, दरडावून बोलतात, याची त्यांना लाज वाटू लागली. तीही त्यांनी लिहून ठेवली. गीतात एका ओळीत निकाली काढलेला माणूस आता समोर उभा होता.

१५ जून १८२४ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. पत्नीला लहान मुलीपायी मागे राहावे लागले. बरोबर होते ते मित्र व उपाध्याय मार्टिन स्टोव. ते ढाक्यालाच तापाने गेले. तेथून पुढे हेबर नावेने गंगा चढत एकट्याच्या मनाने निघाले. सप्टेंबरात काशी लागली. संस्कृतचे विद्यार्थी म्हणून आम्हाला त्यांच्या काशीवर्णनातील एका प्रसंगाची चुटपुट लागते. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील संस्कृत पाठशाळेत ज्योतिषाच्या एका पंडिताने त्यांना गोलक दाखविला आणि उत्तर ध्रुवावर मेरू व दक्षिणेस आधारभूत कूर्म, अशी व्यवस्था समजावून दिली. हेबर यांना हसू आले. पृथ्वी गोल असून आपल्या अक्षावर फिरते, हे आर्यभटाने सन ४९९ मध्येच मांडले होते, एवढे जरी त्या पंडिताने सांगितले असते तरी पाहुणा वेगळाच विचार घेऊन गेला असता. आपला ठेवा आपणच उघडला नाही, तर परक्याला दोष काय द्यावा?

त्याच काशीत त्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली, आणि ती मोलाची आहे. काही वर्षांपूर्वी, १८१०-११ च्या सुमारास, सरकारने घरपट्टी बसविली तेव्हा काशीच्या लोकांनी दुकाने बंद केली, घरेदारे सोडली, आणि गावाबाहेर उघड्यावर धरणे धरून उपाशी बसले. हेबर यांनी ऐकलेला आकडा तीन लाखांचा आहे; तो फुगीर धरला तरी समुदाय केवढा असेल, याची कल्पना यावी. कोणी शस्त्र उचलले नाही. अखेर कर गेला. गांधीजींच्या जन्माच्या कितीतरी आधीचा हा सत्याग्रह. त्याचा वृत्तांत एका बिशपाने आदराने लिहून ठेवावा, यात आम्हाला मौज वाटते आणि ऋणही वाटते.

काशीहून प्रयाग, लखनौ, बरेली, मग अल्मोड्यापर्यंत हिमालय, तेथून दिल्ली. दिल्लीत नामधारी बादशहा दुसरा अकबर याची भेट. पुढे आग्रा, जयपूर, अजमेर, नीमच असे करीत १८२५ च्या मार्चमध्ये ते गायकवाडांच्या बडोद्यास पोहोचले. हा सारा प्रवास घोड्यावरून व तंबूत मुक्काम करीत झाला. आम्ही तो चार ओळींत आटोपतो, कारण पुढे नडियाद आहे.

गुजरातेत शिरल्यापासून हेबर यांच्या कानी एकच नाव येत होते : सहजानंद स्वामी, ज्यांना त्यांचे भक्त स्वामिनारायण म्हणतात. आरंभी ज्यांचा उल्लेख केला तेच हे नवमीचे सत्पुरुष. बालपणीचे नाव घनश्याम. अकराव्या वर्षी घर सोडून सात वर्षे भारतभर अनवाणी भटकंती. या भ्रमंतीत ते पंढरपुरासही आले होते, असे संप्रदायाची परंपरा सांगते. पुढे काठेवाडात रामानंद स्वामींच्या आश्रयास राहिले आणि १८०१ मध्ये संप्रदायाची धुरा त्यांच्याकडे आली. लुटालुटीवर जगणारे काठी व कोळी त्यांच्या उपदेशाने नांगर धरू लागले. जी गावे सर्वात उपद्रवी म्हणून कचेरीत नोंदलेली, तीच आता सर्वात शांत झाली आहेत, असे इंग्रज अधिकारीच हेबर यांना सांगत होते. हेबर यांच्या मनात आशा उत्पन्न झाली. हा पुरुष एकच देव सांगतो, जातीचे बंधन शिथिल करतो, शुद्ध आचरण शिकवितो. तर मग याच्या हातून आपल्या शुभवर्तमानाची वाट मोकळी होणार नाही कशावरून?

२६ मार्च १८२५ रोजी नडियाद येथे हेबर यांच्या छावणीत स्वामी आले. साधूची स्वारी म्हणजे दोनचार शिष्य आणि कमंडलू, अशी हेबर यांची कल्पना. प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास सशस्त्र घोडेस्वार, कोणाच्या अंगात चिलखत, कोणाच्या हाती भाला, आणि मागे पायी चालणाऱ्यांची झुंबड. संप्रदायाला शत्रू पुष्कळ होते, त्यामुळे शिष्य गुरूला एकटे सोडीत नसत. इकडे हेबर यांच्या दिमतीलाही पन्नासावर स्वार आणि बंदुका घेतलेले शिपाई होतेच. दोन धर्मोपदेशक आपापल्या छोट्या फौजा घेऊन एकमेकांना भेटत आहेत, या दृश्याची हेबर यांना मनातून शरम वाटली. आणि त्यांनी पुढे जे लिहिले त्यासाठी आम्ही त्यांच्या प्रांजळपणाला नमस्कार करतो. त्यांनी असा भाव व्यक्त केला आहे की, माझे शिपाई मला ओळखत नाहीत, ते हुकूम म्हणून माझे रक्षण करतील. परंतु या गृहस्थाच्या वस्त्राच्या काठाला कोणी उद्धटपणे हात लावला, तर हे लोक प्रेमाखातर रक्ताचा शेवटचा थेंब देतील. खरा मोठेपणा कोणाच्या बाजूस होता, हे सांगण्यास हेबर कचरले नाहीत.

मधल्या पुरुषाकडे पाहावे तर अंगाने कृश, मध्यम उंचीचे, साध्या चेहऱ्याचे, डोळ्यांत सौम्यता. वय जवळजवळ हेबर यांच्याएवढेच; दोन वर्षांनी वडील. बोलणे सुरू झाले. स्वामींनी सांगितले की परमेश्वर एक आहे, नावे अनेक आहेत, आणि सर्व भूतमात्र त्याच्याच ठायी नांदते. येथवर हेबर यांचे मन आनंदाने भरून आले. परंतु पुढे स्वामींनी त्याच परब्रह्माचा अवतार म्हणून श्रीकृष्णाचे नाव घेतले आणि पूजेतील एक चित्र उलगडून दाखविले. जो सर्वव्यापी म्हणता त्याला कागदावर कसे बसविता, असा हेबर यांचा प्रश्न. स्वामी शांतपणे उत्तरले की चित्रात देव मावतो असे आम्ही म्हणत नाही, तो भक्ताच्या हृदयात असतो; चित्र त्याची आठवण देते. जातीविषयी विचारता त्यांनी सांगितले की या लोकी कोणी एकत्र जेवोत वा वेगळे जेवोत, कोणाचे मन दुखवू नये एवढेच आपण पाहतो. आणि बोट आकाशाकडे करून, वर गेल्यावर हे भेद राहणार नाहीत, असे सुचविले. निघण्यापूर्वी आपल्या काही कामासाठी हेबर यांनी गव्हर्नरकडे शब्द टाकावा, अशी विनंतीही स्वामींनी केली. संत झाले तरी संप्रदायाचा प्रपंच त्यांनाही सुटत नाही.

हेबर निराश झाले आणि ती निराशाही त्यांनी लपविली नाही. ज्याला आपल्या बाजूस ओढून घेता येईल असे वाटले, तो जागचा तसूभरही हलला नव्हता. आणि स्वामींनी तरी हेबर यांना हलविले काय? तेही नाही. दोघेही आपापली निष्ठा घेऊन परतले. परंतु या एका भेटीमुळे स्वामींच्या सौम्य मुद्रेचे, त्यांच्या भक्तांच्या प्रेमाचे आणि त्यांच्या विचारांचे त्यांच्या हयातीतच परकीयाने केलेले वर्णन आपल्या हाती राहिले.

एप्रिलमध्ये हेबर सुरतेहून जलमार्गे मुंबईस आले. पत्नी व मुलगीही कलकत्त्याहून समुद्रमार्गे येऊन भेटल्या. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सहवासाने ते भारावले. एल्फिन्स्टन हे शाळांत धर्मप्रचार मिसळू न देणारे, म्हणून कित्येक इंग्रज त्यांना नास्तिक म्हणत. बिशप असूनही हेबर यांनी त्यांची बाजू घेतली, हे ध्यानी धरण्यासारखे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ते बोरघाट चढून कार्ल्याची लेणी पाहत पुण्यास आले. १८२४ साली दख्खनेत पाऊस पडला नव्हता, लोक हवालदिल होते. पेशवाई जाऊन सातएक वर्षे झाली होती. विश्रामबागवाड्यात १८२१ पासून संस्कृत पाठशाळा चालू होती. पर्वतीवर जाऊन त्यांनी शहर न्याहाळले. लष्करातील सेंट मेरीच्या नव्या चर्चचा संस्कार त्यांच्या हस्ते झाला. ती वास्तू पुण्यात आजही उभी आहे. पुण्याहूनच ते मागे वळले. आमच्या सातारा प्रांती तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराज नांदत होते; एका विद्याव्यासंगी राजाची आणि या पाहुण्याची गाठ पडली नाही, याची आम्हा रहिमतपूरकरांना रुखरुख वाटते. परंतु दुसऱ्या एका भोसल्याची गाठ पडावयाची होती.

ऑगस्टमध्ये मुंबई सोडून ते सिंहलद्वीपास गेले. ज्या बेटातील माणसाला त्यांनी न पाहताच हीन ठरविले होते, त्या बेटात आता ते गावोगाव फिरले आणि तेथील लोकांचा पाहुणचार त्यांनी घेतला. ऑक्टोबरात कलकत्त्यास परतले आणि तीन महिन्यांनी पुन्हा दक्षिणेस निघाले. त्या वाटेवरून १८२६ च्या मार्चमध्ये त्यांनी मंत्री विन यांना एक पत्र लिहिले. कंपनीच्या मुलखातील शेतकरी देशी राजांच्या रयतेपेक्षा अधिक दरिद्री व खचलेला आहे, जमिनीच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा सरकार मागते, आणि एवढा सारा कोणताही देशी राजा घेत नाही, असा त्याचा आशय. ज्यांनी त्यांना नेमले त्यांनाच त्यांनी हे कळविले. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासात रमेशचंद्र दत्तांनी पुढे या साक्षीचा उपयोग केला.

२५ मार्चला हेबर तंजावरास पोहोचले. दुसऱ्या दिवशी ईस्टरचा सण. सायंकाळच्या उपासनेत त्यांनी आशीर्वचन तमिळ भाषेत म्हटले. २८ तारखेस त्यांनी सरफोजीराजे भोसले यांच्या दरबारी भेट दिली. या राजाची कथा स्वतंत्र आख्यानाची आहे. दत्तक आलेल्या या बालकाचे रक्षण व शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने केले. १७९८ मध्ये गादी मिळाली, पण पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीने घेतला. राजाने मग विद्येचे राज्य केले. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविला, छापखाना चालविला, वैद्यक, संगीत, सर्वांना आश्रय दिला. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास १८०३ मध्ये कोरविला तो त्यांनीच. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली आणि येताना पोथ्या आणल्या. ज्याला मिशनऱ्याने मांडीवर वाढविले तो आमरण शिवभक्त राहिला. आणि त्याच मिशनऱ्याचे सुंदर संगमरवरी स्मारक त्याने विलायतेहून घडवून आणून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. गुरूचे ऋणही फेडले आणि स्वधर्मही राखला.

तंजावरच्या दरबारी मराठी कीर्तन रुजले होते आणि समर्थांचे मठही त्या भूमीत होते. आमच्या पंचक्रोशीतील निगडीच्या रंगनाथस्वामींचा व समर्थांचा स्नेह आठवणाऱ्याला तंजावर परके वाटत नाही. पोथ्या पाहण्याच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो, तेव्हा सरस्वती महालात ग्रीक-लॅटिन विद्येचे, फ्रेंच रसायनशास्त्राचे ग्रंथ आपल्या ताडपत्रांच्या सान्निध्यात पाहून आम्ही थक्क झालो. हेबरही असेच थक्क झाले होते. राजा त्यांच्याशी लाव्हाझिए, लिनियस, ब्यूफाँ यांच्या ग्रंथांविषयी सहज बोलत होता, शेक्सपिअरच्या काव्यावर मार्मिक मत देत होता. अनेक मुकुटधारी मी पाहिले, परंतु याच्याइतके राजस वागणे कोणाचे नाही, असा अभिप्राय हेबर यांनी नोंदवून ठेवला. युवराज शिवाजीला आपल्याबरोबर प्रवासास व शिक्षणास न्यावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली. राजाला ती मानवली, परंतु राणीसाहेबांचा जीव मुलाला दूर धाडण्यास धजला नाही. आईची ती माया खरी ठरली म्हणावी लागते, कारण अवघ्या सहा दिवसांत हेबरच उरले नाहीत.

१ एप्रिलला ते तिरुचिरापल्लीस आले. २ तारखेस रविवारी प्रवचन केले. सोमवारी ३ एप्रिल रोजी पहाटे किल्ल्यातील चर्चमध्ये तमिळ ख्रिस्ती मंडळींना आशीर्वाद दिला, त्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि मुक्कामी परतले. ऊन चढले होते. थंड पाण्याच्या हौदात स्नानास उतरले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून नोकराने दार उघडले. देह पाण्यात निश्चेष्ट होता. त्रेचाळिसावा वाढदिवस अठरा दिवसांवर होता. त्याच गावच्या सेंट जॉन चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. पत्नी अमेलिया कलकत्त्यात होत्या. त्यांनी दुःख आवरून पतीची रोजनिशी नीट लावली आणि १८२८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. नडियादची भेट जगाला कळली ती या ग्रंथातून.

इंग्रजी गणनेने सहजानंद स्वामींचा जन्म ३ एप्रिल १७८१ चा, आणि हेबर यांचा मृत्यू ३ एप्रिलचाच. योगायोगाला योगायोगच म्हणावे. आम्ही त्यात गूढ शोधीत नाही. १८३० च्या फेब्रुवारीत स्वामींची राजकोट येथे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्याशी भेट झाली. तेव्हा त्यांनी दोनशे बारा श्लोकांच्या आपल्या शिक्षापत्रीची एक हस्तलिखित प्रत माल्कम यांच्या हाती दिली. त्याच वर्षी ज्येष्ठात स्वामी गढडा येथे देह ठेवून गेले, आणि दोन वर्षांनी सरफोजीराजेही. शिक्षापत्रीची ती प्रत इंग्लंडात गेली. ऑक्सफर्डच्या ज्या विद्यापीठात तरुण हेबर यांनी आपले काव्य वाचले होते, तेथील बॉडलियन ग्रंथालयात ती जपून ठेवलेली आहे, आणि स्वामींचे भक्त सातासमुद्रांपलीकडे तिच्या दर्शनाला जात असतात.